तिनं सही केली नाही

स्किप्टनच्या किल्ल्यात मी पहिल्यांदा शिरले ती पावसामुळे. इंग्लंडमधल्या लीड्सहून रेल्वेनं पाऊण तासावर असलेलं हे बाजाराचं गाव. शनिवारी हाय स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना पालं लागतात, चीजची, रोपांची, लोकरीच्या कपड्यांची. लेकीसाठी हातमोजे घ्यायला गेले होते. जोराची सर आली, छत्री उलटी झाली आणि रस्त्याच्या वरच्या टोकाला दोन जाड बुरुजांमधलं दार दिसलं. तिकीट काढून आत गेले. सगळ्यात आतल्या फरसबंद चौकात मधोमध एकच झाड आहे, काळपट हिरवं, चौकाच्या भिंतींच्याही वर गेलेलं. यूचं झाड. लेडी ॲन क्लिफर्डनं ते १६५९ मध्ये लावलं.

माझ्यासारख्याच पावसानं अडकलेल्या एक आजी तिथे उभ्या होत्या, त्याच गावच्या. ही ॲन कोण, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला सही करायला सांगितलं होतं. राजानं सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं. तिनं केली नाही."

हे वाक्य ऐकून मला कसं झालं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज इथे लिहिते आहे.

माझे वडील २००८ मध्ये गेले. सातारा जिल्ह्यात आमची साडेतीन एकर जमीन, एक विहीर, बांधावर आंब्याची दोन झाडं. पुढच्या डिसेंबरात मी तीन आठवड्यांची रजा घेऊन गावी गेले, तेव्हा हक्कसोडपत्राचा मसुदा तयारच होता. काका म्हणाले, "बहिणींना कशाला पाहिजे शेती? सातबारा मोकळा असला की भावाला कर्ज मिळतं." कोणीतरी असंही म्हणालं, की जमीन घेतलीस तर माहेर तुटेल. दादा काहीच बोलला नाही, खाली बघत बसला. मी त्याला दोष देत नाही. ताईनं सही केली, मग मी केली. फोटो, अंगठा, सही. दहा मिनिटांत बाहेर आलो. १९९४ मध्येच महाराष्ट्रानं लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला होता आणि २००५ पासून तो देशभरातल्या लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. हे मला माहीत होतं. तरी केली.

म्हणून त्या चौकात मी तास-दीड तास थांबले. घरी येऊन वाचायला लागले आणि त्यानंतरची बरीच वर्षं या बाईनं मला सोडलेलं नाही.

ॲनचा जन्म याच किल्ल्यात ३० जानेवारी १५९० चा. वडील जॉर्ज क्लिफर्ड, कंबरलंडचे तिसरे अर्ल. राणी एलिझाबेथचा आवडता सरदार, घोड्यावर बसून भाल्यांनी खेळायच्या दरबारी झुंजींत राणीच्या बाजूनं उतरणारा योद्धा आणि समुद्रावर स्पॅनिश जहाजं लुटणारा माणूस. १५९८ मध्ये त्यानं कॅरिबियन बेटांतलं सान हुआन शहर जिंकून घेतलं होतं. या मोहिमांपायी त्यानं घराण्याचा पैसा पाण्यासारखा उधळला आणि जमिनीवर कर्ज करून ठेवलं. त्यानं स्वतःसाठी एक मोठं लढाऊ जहाज बांधून घेतलं होतं. तेच पुढे ईस्ट इंडिया कंपनीनं विकत घेतलं, 'रेड ड्रॅगन' असं नाव दिलं आणि १६०१ मध्ये कंपनीच्या पहिल्या सफरीचं मुख्य जहाज म्हणून पाठवलं. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं, तेव्हाही हेच जहाज तिथे होतं. स्किप्टनच्या अर्लचं जहाज आपल्या समुद्रात येऊन गेलं, हे वाचलं तेव्हा मी नकाशा काढून बसले होते.

जॉर्ज आणि त्याची बायको मार्गारेट यांना दोन मुलगे झाले. दोघेही पाच-सहा वर्षांचे होण्याआधी गेले. उरली एकटी ॲन. नवरा-बायकोचं पुढे बिनसलं, दोघं वेगळी राहू लागली आणि ॲन आईजवळ वाढली. आईनं तिला शिकवायला सॅम्युअल डॅनिअल हा कवी ठेवला. वडिलांनी मात्र तिला परकी भाषा शिकू दिल्या नाहीत, मग तिनं जे वाचलं ते इंग्रजीतून, आणि अफाट वाचलं.

ऑक्टोबर १६०५ मध्ये जॉर्ज वारला. ॲन पंधरा वर्षांची होती. मृत्युपत्रात त्यानं सगळी जमीन, किल्ले आणि गावं धाकट्या भावाला, फ्रान्सिसला, दिली. मुलीला १५,००० पौंड. भावाचा पुरुषवंश खुंटला तरच जमीन ॲनकडे परत यावी, अशी पुस्ती जोडली. पैसे कमी नव्हते, त्या काळी ती फार मोठी रक्कम होती. आपल्याकडे जसं म्हणतात ना, मुलीचं लग्न थाटात करून दिलं, दागिने घातले, आता अजून काय द्यायचं? तसंच ते.

पण जमिनीची अट वेगळी होती, आणि इथेच सगळी मेख आहे. दुसऱ्या एडवर्ड राजानं १३१० मध्ये स्किप्टन रॉबर्ट क्लिफर्डला दिलं, तेव्हा ते त्याच्या पोटच्या वारसांकडे जावं असं लिहून दिलं होतं. पोटचा वारस म्हणजे मुलगा, आणि मुलगा नसेल तर मुलगी. मुलगी जिवंत असताना ते भावाला देऊन टाकायचा अधिकार जॉर्जला होता का, एवढाच प्रश्न. शिवाय उत्तरेला वेस्टमरलँडमध्ये ब्रूम आणि ॲपलबीचे किल्ले होते. ती जमीन तर क्लिफर्डांच्या घरात आलीच मुळी मुलींकडून. तेराव्या शतकात व्हिपॉन्ट घराण्यात इझाबेला आणि आयडोनिया अशा दोन बहिणीच उरल्या होत्या. त्यातली इझाबेला क्लिफर्डांची सून झाली आणि तिच्यामुळे हा मुलूख त्यांच्याकडे आला. बायकांच्या हातून आलेली जमीन तीनशे वर्षांनी बाईला नाकारायची, याची मला आजही चीड येते.

ही अट शोधून काढली ॲनच्या आईनं. मला या सगळ्या गोष्टीत मार्गारेटच सगळ्यात मोठी वाटते. नवऱ्यानं दूर लोटलेली, स्वतः औषधी अर्क काढणारी, अभ्यासाची आवड असलेली बाई. मुलीसाठी तिनं दफ्तरं धुंडाळायला लावली, जुन्या सनदांच्या, दानपत्रांच्या, निवाड्यांच्या नकला करून घेतल्या. पुढे ॲननं त्यातूनच घराण्याच्या कागदपत्रांचे प्रचंड जाड तीन ग्रंथ तयार करवले, ते आजही केंडलच्या दफ्तरखान्यात आहेत. आपल्याकडे तलाठ्याकडे एक जुना फेरफार काढायचा तर किती खेपा होतात, हे ज्यानं केलंय त्याला कळेल. मार्गारेटनं हे तीन-चारशे वर्षं मागे जाऊन केलं.

फेब्रुवारी १६०९ मध्ये ॲनचं लग्न रिचर्ड सॅकव्हिलशी झालं. दोनच दिवसांनी त्याचे वडील वारले आणि तो डॉर्सेटचा अर्ल झाला. केंटमधला नोल हा त्यांचा भव्य वाडा. रिचर्ड देखणा होता, दरबारात लोकप्रिय होता, कपड्यांवर आणि जुगारावर उधळणारा होता. बायकोच्या दाव्यात त्याला रस होता, पण त्याला हवी होती रोख भरपाई. दूर उत्तरेतल्या ओसाड किल्ल्यांचं त्याला काय कौतुक? लग्न झालेल्या बाईचा पैसा कायद्यानं नवऱ्याच्या हाती जाई. पण जमिनीवरचा दावा कायमचा सोडायचा तर तिची स्वतःची सही लागत होती. एवढी एकच गोष्ट तिच्या हातात होती.

या काळातली तिची रोजनिशी उरली आहे, १६१६ ते १६१९ ची. ती वाचताना माझा घसा दाटून येतो, कारण तिच्यात मोठी भाषणं नाहीत. आज अमुक आले, असं असं म्हणाले, मी अमुक झगा घातला होता, लेकीला ताप आला.

फेब्रुवारी १६१६ मध्ये लंडनच्या घरात सगळे नातेवाईक, सरदार जमले. कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, जॉर्ज ॲबट यांनी तिला बाजूला नेलं आणि दीड तास समजावलं. देवाचं सांगून आणि माणसाचं सांगून, असं तिनं लिहिलंय. बाकीचे कधी धाक घालत होते, कधी गोड बोलत होते. ती सव्वीस वर्षांची होती. तिनं एकच उत्तर दिलं: आईशी बोलल्याशिवाय मी काही करणार नाही.

दीड तास! आमच्या ओट्यावर काका बोलले ते जेमतेम वीस मिनिटं असेल.

मग ती ऐन थंडीत उत्तरेला, ब्रूमला, आईकडे गेली. दोघींनी मिळून नकार कळवला. नवऱ्यानं आपली माणसं आणि घोडागाडी परत बोलावून घेतली. २ एप्रिल १६१६ ला ॲन आईचा निरोप घेऊन निघाली. मार्गारेट किल्ल्यापासून पाव मैलापर्यंत तिला पोचवायला आली. रस्त्यात दोघी एकमेकींपासून सुटल्या त्या शेवटच्याच.

नोलला पोचल्यावर नवऱ्यानं थंडपणे तिचं स्वागत केलं. महिन्याभरात निरोप आला की मुलीला लंडनला पाठवून द्या. मुलगी, तीही मार्गारेटच, दोन वर्षांचीही झालेली नव्हती. ॲन खूप रडली. आपण अडवलं तर नवरा आणखी चिडेल आणि ते लेकराला आणखी जड जाईल, असा विचार करून तिनं मुलीला जाऊ दिलं. त्याच महिन्यात तिनं लिहिलंय की नवरा लंडनमध्ये कोंबड्यांच्या झुंजी, नाटकं, घोड्यांच्या शर्यती यांत रमला आहे आणि सगळं जग त्याची वाहवा करतंय. मी मात्र इथे खेड्यात, वाळवंटातल्या घुबडासारखी. ही उपमा बायबलच्या स्तोत्रांतली आहे. आपल्याकडे घुबडाला अशुभ समजतात, त्यामुळे ते वाक्य मला जास्तच लागलं. सगळ्यांना नकोशी झालेली, तरी जागी असलेली बाई.

२४ मे १६१६ ला ब्रूमच्या किल्ल्यात मार्गारेट गेली. ॲनला बातमी कळायला पाच दिवस लागले.

इथपर्यंत आलं की वाटतं, आता ती मोडणार. आई नाही, लेक जवळ नाही, नवरा बोलत नाही. उलट ती उत्तरेला धावली आणि आईची जमीन आपलीच आहे म्हणून ब्रूमचा ताबा धरायला बघू लागली. कुळांमध्ये दोन तट पडले, थोडी मारामारीही झाली. शेवटी प्रकरण राजा पहिल्या जेम्सपुढे गेलं.

१८ जानेवारी १६१७ ला ती व्हाइटहॉलला गेली. आधी राणी भेटली. जेम्सची राणी, हीदेखील ॲनच. तिनं बजावलं की हे सगळं राजावर सोपवू नकोस, तो तुला फसवेल. स्वतःच्या नवऱ्याबद्दल एका राणीनं हे सांगावं! मग आतल्या दालनात नवरा-बायको राजाच्या खुर्चीजवळ गुडघे टेकून बसले. राजा म्हणाला, सगळं माझ्या हाती द्या. रिचर्डनं लगेच मान्य केलं. ॲन म्हणाली, मला क्षमा करा, मी जिवंत असेपर्यंत वेस्टमरलँड कोणत्याही अटीवर सोडणार नाही.

दोन दिवसांनी पुन्हा बोलावणं. या वेळी काका फ्रान्सिस, चुलतभाऊ हेन्री, मोठे न्यायाधीश, दरबारी सगळे हजर होते. बाकीच्यांनी एकेक करून राजाचा निवाडा मान्य करायचं कबूल केलं. ॲन पुन्हा म्हणाली, वेस्टमरलँडशिवाय नाही. राजा संतापला. दार बंद केलेलं होतं. आता राजा हिचा सगळ्यांसमोर अपमान करणार, या भीतीनं शेवटी तिच्या नवऱ्यानंच एका सरदाराला दार उघडायला सांगितलं. तो सरदार तिच्याबरोबर बाहेर पडला आणि बाहेरही तिला वळवायचा प्रयत्न करत राहिला.

त्या दारापाशी मी वाचताना नेहमी थांबते. रिचर्डबद्दल इतका राग येतो, आणि तरी त्या क्षणी त्यानंच तिला वाचवलं. दादाचा खाली बघणारा चेहरा आठवतो.

मार्चमध्ये राजानं निवाडा दिला. जमीन काकाकडे आणि त्याच्या मुलग्यांकडे, भरपाईची मोठी रक्कम नवऱ्याकडे. तिची सही नसतानाही सगळ्यांनी ते अमलात आणलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजा स्वतः ब्रूमच्या किल्ल्यात मुक्कामाला आला आणि काकानं त्याला मेजवानी दिली. जिथे तिची आई वर्षापूर्वी वारली, त्याच किल्ल्यात.

पुढची सव्वीस वर्षं ती नुसती वाट पाहत होती म्हटलं तर चालेल. पोटचे तीन मुलगे तान्हेपणीच गेले, दोन मुली जगल्या. १६२४ मध्ये रिचर्ड वारला. १६३० मध्ये तिनं पेंब्रोकच्या अर्लशी, फिलिप हर्बर्टशी, दुसरं लग्न केलं, तेही चार वर्षांत वेगळं राहण्यावर आलं. नोल आणि विल्टन या दोन्ही सासरच्या वाड्यांतले संगमरवरी खांब आपल्याला दुःखाचे सजवलेले मांडव वाटत, असं तिनं म्हातारपणी लिहिलं. मधून मधून ती आपला दावा नव्यानं नोंदवत राहिली. एवढंच.

वडिलांनी मरण्याआधी मायलेकींना सांगितलं होतं की माझ्या भावाचा मुलगा निपुत्रिक जाईल आणि जमीन तुझ्याकडेच येईल. असं तिनंच लिहून ठेवलंय. मुलीला नाकारताना बापाच्या मनाला काहीतरी टोचत असणार, असं मला ते वाचून वाटतं. १६४१ मध्ये काका गेला. डिसेंबर १६४३ मध्ये चुलतभाऊ हेन्री गेला, मागे एक मुलगीच होती. वडील गेल्याला अडतीस वर्षं झाली होती, ॲनला चौपन्नावं वर्ष चालू होतं. मृत्युपत्रातल्या त्या जोडलेल्या ओळीनं जमीन तिच्याकडे आली. तिनं हक्क सोडल्याचा एकही कागद कुणापाशी नव्हता.

तेव्हा इंग्लंडात यादवी पेटलेली. स्किप्टनला तीन वर्षं वेढा होता, पुढे पार्लमेंटच्या लोकांनी किल्ला पाडायचा हुकूम काढला. तिला उत्तरेला जायला १६४९ चा जुलै उजाडला. एकोणसाठ वर्षांची होती. मग तिनं बांधायला घेतलं: स्किप्टन, ब्रूम, ॲपलबी, ब्रफ, पेंड्रॅगन. पेंड्रॅगनला तर शंभराहून जास्त वर्षं छप्पर नव्हतं. देवळं दुरुस्त केली, ॲपलबीत निराधार बायकांसाठी घरं बांधली. तीही अजून आहेत आणि अजूनही तिथे बायका राहतात. दुरुस्त केलेल्या जागी ती दगडावर आपलं नाव, साल आणि यशया संदेष्ट्याचं एक वचन कोरून घ्यायची. तू पिढ्यान्‌पिढ्यांचे पाये उभारशील, तुला भगदाड बुजवणारी म्हणतील, असा त्याचा अर्थ. वेस्टमरलँडचं शेरीफपद घराण्याकडे वंशपरंपरेनं होतं. तेही तिनं बाई असून स्वतः घेतलं.

ती साधीसुधी जमीनदारीण नव्हती, हेही लिहायला हवं. कुळांवर तिनं दावे लावले, जुन्या देण्यांवरचा एक पैसाही सोडला नाही. एक कोंबडी द्यायची बाकी होती म्हणून तिनं एका कुळाला कोर्टात खेचलं आणि जिंकल्यावर तीच कोंबडी शिजवून त्याला जेवायला बोलावलं, अशी कथा तिकडे सांगतात. बायकांना समान हक्क हवेत, असं काही तिच्या मनात नव्हतं. तिला हवं होतं क्लिफर्डांच्या रक्ताला क्लिफर्डांचं वतन. मला तिच्या वतनदारीचा पुळका नाही. पण आपलं आहे ते नाही म्हणायला तिची जीभ वळली नाही, तेवढ्यासाठी मी तिची.

केंडलच्या ॲबट हॉल या कलादालनात तिनं १६४६ मध्ये काढून घेतलेलं भलंमोठं तीन फळ्यांचं चित्र आहे. मी लेकीला घेऊन गेले होते. डावीकडे पंधरा वर्षांची ॲन, वाद्य आणि पुस्तकं शेजारी. वडील गेले तेव्हाची. उजवीकडे छप्पन्न वर्षांची ॲन, काळ्या कपड्यांत, मागे अस्ताव्यस्त पुस्तकं, पायाशी कुत्रा आणि मांजर. मधल्या फळीवर आई-वडील आणि दोन्ही लहान भाऊ. लेक म्हणाली, "आई, मधल्या फोटोत ती कुठेय?" मी म्हटलं, "आईच्या पोटात." मधलं चित्र तिच्या जन्माआधीचं आहे. ती आईच्या पोटात आहे, म्हणजे पोटची वारस आहे. सगळा दावा त्या एका चित्रात आहे. आणि पंधरा ते छप्पन्न या दोन फळ्यांच्या मधली वर्षं, नोल, विल्टन, दोन्ही नवरे, तिनं चित्रात जवळजवळ ठेवलेलीच नाहीत.

अजून एक गोष्ट. तिच्या त्या रोजनिशीची एक जुनी नक्कल १९२३ मध्ये संपादित करून छापली ती लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी. त्या नोलमध्येच जन्मलेल्या, वडिलांच्या एकुलत्या एक. १९२८ मध्ये वडील गेले आणि नोल काकाकडे गेलं, कारण त्या मुलगी होत्या. जिथे बसून ॲननं घुबडाचं वाक्य लिहिलं, तेच घर, तीनशे वर्षांनी. इंग्लंडच्या राजगादीसाठी मुलगा-मुलगी भेद २०१३ च्या कायद्यानं काढून टाकला, पण सरदारांच्या बहुतेक पदव्या आजही मुलग्यांकडेच जातात.

गेल्या वर्षी २ एप्रिलला मी रजा टाकली आणि गाडी काढून ब्रूमला गेले. ॲपलबीकडून पेनरिथला जाताना मोठ्या रस्त्याच्या कडेला एक खांब आहे. अष्टकोनी दगड, वर चौकोनी डोकं, त्यावर रंगवलेली ढालचिन्हं आणि सूर्यघड्याळं. आईचा शेवटचा निरोप घेतला त्या जागी ॲननं चाळीस वर्षांनी तो उभारला. त्यावरच्या लेखात तारीख आहे, दोघींची नावं आहेत, आणि दरवर्षी २ एप्रिलला इथल्या दगडी मेजावर ब्रूमच्या गरिबांना चार पौंड वाटावेत असं लिहिलं आहे. तो रिवाज अजून चालू आहे. मेज म्हणजे खांबाशेजारचा बसका दगड. शेजारून ट्रक धडधडत जात होते. मी त्या दगडावर हात ठेवला, गार होता.

१८ जानेवारी १६७६ ला, पंच्याऐंशी वर्षांच्या ॲननं दैनंदिनीत लिहून घेतलं: एकोणसाठ वर्षांपूर्वी आजच्या दिवशी राजा जेम्सनं मला माझ्या जमिनीबद्दल त्याचा निवाडा मान्य करायचा आग्रह केला आणि मी साफ नकार दिला. त्यानंतर दोन महिन्यांनी, २२ मार्चला, ब्रूमच्या किल्ल्यात, आई ज्या खोलीत वारली त्याच खोलीत ती वारली. पुरलं तिला ॲपलबीच्या चर्चमध्ये, आईजवळ. दोन्ही नवऱ्यांपैकी कुणाहीजवळ नाही.

आमच्या गावाहून निघताना आई मला फाट्यापर्यंत सोडायला येते. आता गुडघे दुखतात तरी येते. एसटीच्या निवाऱ्यापाशी थांबते, गाडी वळेपर्यंत पदर डोक्यावर धरून उभी राहते. त्या खांबापाशी उभं राहून मला तेच दिसत होतं, म्हणून मी तिला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं आटपली होती. खांबाचं सांगितलं, मायलेकींचं सांगितलं. ती मधे मधे "हं, हं" करत होती.

मग मी तिला चौदा-पंधरा वर्षं न विचारलेलं विचारलं. हक्कसोडपत्राच्या दिवशी सही आईचीही करायची होती. ताईची झाली, माझी झाली, आणि आई म्हणाली, "मी चष्मा विसरले, वाचल्याशिवाय कशी करू?" सगळ्यांना परत यायची घाई होती. आईची सही राहिली ती राहिलीच, आणि सातबाऱ्यावर दादाबरोबर तिचं नाव अजून आहे.

"आई, तू खरंच चष्मा विसरली होतीस?"

थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"पिशवीतच होता," आई म्हणाली. आणि मग विचारलं, तिथे वारा फार लागतोय का, कानाला काही बांधलंयस का.